सायलेन्सरमधली माती

पिंपरी-चिंचवडच्या गुन्हेगारी बातम्यांत एक बातमी अधूनमधून येते: इको गाड्यांचे सायलेन्सर चोरून त्यातली माती विकणारी टोळी पकडली. पहिल्यांदा वाचताना माणूस अडखळतो. सायलेन्सरमध्ये माती कुठून आली, आणि मातीला एवढं मोल कुणी दिलं?

ही माती मी चिखलीतच, कुदळवाडीत पाहिली. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची शेड पाडली, त्याच्या आधीची गोष्ट. मोडीत निघालेल्या एका कारच्या सायलेन्सरमधला डबा ग्राइंडरने उभा चिरून ठेवला होता. वर स्टेनलेसचं कवच, आत पांढुरक्या तंतूंची गादी आणि त्या गादीत घट्ट बसलेली, मोठ्या मगाएवढी एक राखाडी वीट. विटेला आरपार चौकोनी छिद्रं. एका चौरस इंचात साधारण ४०० छिद्रं, आणि दोन छिद्रांमधली भिंत पोस्टकार्डाहून पातळ. उजेडाकडे धरली तर जाळीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. नखाने खरवडल्यावर बोटाला बारीक भुकटी लागली. धंद्यातले लोक तिलाच माती म्हणतात. तिच्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असतं. अख्ख्या गाडीत मिळून जेमतेम काही ग्रॅम.

या मातीचं मुख्य काम म्हणजे जळायचं राहून गेलेलं जाळणं. धूर ओल्या बाभळीचा असो की इंजिनातल्या पेट्रोलचा, त्यात न जळालेलं सरपण उडून जात असतं. ते पुरतं जाळायचं तर मोठी धग लागते. कमी धगीत ते जाळायची युक्ती माणसाला कशी सापडली आणि ती फिरत फिरत आपल्या दारात कशी आली, हे शोधत गेलं की दोनशे वर्षं मागे, एका कोळशाच्या खाणीपाशी जावं लागतं.

इंग्लंडच्या खाणींत ज्वालाग्राही वायू साठायचा आणि उघड्या दिव्याने स्फोट व्हायचे. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा सुरक्षित दिवा केला. त्याच प्रयोगांच्या ओघात, १८१७ साली, त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. प्लॅटिनमची तापलेली तार वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही तार लालबुंद राहते. वायू जळत होता, पण फक्त तारेच्या पृष्ठभागावर. सहा वर्षांनी जर्मनीत डोबरायनरने प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजन सोडून काडीशिवाय पेटणारा दिवा केला आणि तो घरोघरी खपला. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने या प्रकाराला नाव दिलं, 'कॅटॅलिसिस'. आपण त्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतो: स्वतः खर्ची न पडता दुसऱ्याचं काम सोपं करणारा.

पुढची शंभर वर्षं उत्प्रेरक रसायनांच्या कारखान्यांत रमला. त्याला धुराकडे वळवलं युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने. कच्च्या तेलातून उत्प्रेरकाच्या मदतीने जास्त पेट्रोल काढायची रीत त्याचीच. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर, लॉस एंजेलिसवरचा धुरकट थर गाड्यांमुळे साचतो आहे हे कळल्यावर त्याने एक्झॉस्टमध्ये बसवायचा डबा तयार केला. १९५६ साली त्याला पेटंट मिळालं, पण डबा रस्त्यावर चालेना. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असायचं आणि ते प्लॅटिनमवर थर धरून त्याला निकामी करायचं. हूड्री १९६२ साली वारला. त्याचा डबा मात्र शिसं वाटेतून हटेपर्यंत थांबून राहिला.

१९७० साली अमेरिकेने कडक हवा-कायदा केला आणि १९७५च्या मॉडेलपासून तिकडच्या बहुतेक गाड्यांत डबा आला. शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आलं ते याच डब्यासाठी. आता अडचण विटेची होती. काही मिनिटांत गार अवस्थेतून सातआठशे अंशांवर जायचं, पुन्हा गार व्हायचं आणि हे वर्षानुवर्षं करूनही तडकायचं नाही, अशी चिनी माती हवी होती. कॉर्निंग कंपनीच्या बॅगली, लॅकमन आणि लुइस या तिघांनी कॉर्डिएराइट नावाच्या, तापल्यावर फारशी न फुगणाऱ्या मातीची जाळीदार वीट बनवून दाखवली. कुदळवाडीत माझ्या हातात आलेली वीट त्याच घराण्यातली.

आता गंमत पाहा. माणसाचा सगळ्यात जुना धूर लाकडाचा, आणि लाकडाच्या वाट्याला ही वीट आली मोटारीच्या नंतर. १९७३च्या तेलटंचाईत थंड मुलखातल्या अमेरिकन घरांनी पुन्हा लाकडी शेगड्या पेटवल्या. भिंतीतल्या जुन्या फायरप्लेसमध्ये बसवायच्या बंद लोखंडी शेगड्याही निघाल्या. त्यांना तिकडे इन्सर्ट म्हणतात. रात्रभर ऊब राहावी म्हणून लोक हवेची झडप आवळायचे, लाकूड धुमसायचं, गावावर धूर बसायचा आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर धरायचा. त्या थरानेच पेट घेतला की घराला आग. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्निंगची वीट शेगडीत शिरली. राखेने बुजू नये म्हणून तिची छिद्रं मोठी केली: चौरस इंचाला ४०० नव्हे, १६ किंवा २५.

शेगडीत ही वीट कशी वागते ते पाहिलं की या वस्तूचा स्वभाव कळतो. लाकडाचा धूर नुसता पेटवायचा तर साधारण ५४० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. विटेवर तोच धूर २६० ते ३१५ अंशांना पेट घेतो. म्हणून आधी वळणाची झडप उघडी ठेवून, धूर विटेला न लावता सरळ धुराड्यात सोडत, जाळ चांगला धरू द्यायचा. विटेजवळच्या तापमापकाची सुई २६०च्या पुढे स्थिरावली की झडप लावायची. मग धूर विटेतून जायला लागतो, तिथे जळतो आणि त्याच धगीने विटेचं तापमान आणखी चढतं. ५४० ते ७६० अंश ही तिची नेहमीची चाल. नवीन माणूस इथेच घाबरतो. समोर ज्योत जवळपास विझलेली, लाकूड नुसतं काळवंडत धुमसतंय आणि सुई मात्र सातशेवर! पण ते चांगलं लक्षण असतं, कारण सरपणाचा धूरच तिथे सरपण झालेला असतो. वीट लाल दिसलीच पाहिजे असंही नाही. ताज्या लाकडाचा दाट धूर येतो तेव्हा ती लालते, पुढे काळी दिसत असतानाही तिचं काम चालू असतं.

वरची हद्द साधारण ८७० अंश. त्यापुढे सुई रेंगाळू लागली तर भुकटीतले धातूचे सूक्ष्म कण न वितळताच सरकून एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग आटतो आणि वीट कायमची मंदावते. नवं लाकूड टाकताना झडप उघडली नाही, तर ओल्या लाकडाची गार वाफ तापलेल्या विटेवर येते आणि वीट तडकते. रंग लावलेली फळी किंवा प्लास्टिक जाळलं तर हूड्रीला शिशाने छळलं तसंच विष हिलाही चढतं. १९९० पासून लागू झालेल्या अमेरिकी मर्यादेत ही समजूत नेमकी उतरली होती. वीट असलेल्या शेगडीला ताशी ४.१ ग्रॅम धूर माफ, बिनविटेच्या शेगडीला ७.५ ग्रॅम. वीट वापराने झिजत जाणार, म्हणून तिने सुरुवात अधिक स्वच्छ करावी, हा त्यामागचा हिशोब.

आपल्याकडे ही वीट मोटारीतूनच आली. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रदूषणाच्या खटल्याच्या रेट्यामुळे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे हाच डबा, सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २००० पासून शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं. तोच काळ आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्याच्या भरभराटीचा. टाटांची इंडिका १९९८च्या अखेरीस लोकांपुढे आली, बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, आणि टाळगाव म्हणून ओळखली जाणारी चिखली शेतांतून गोडाउनांकडे सरकू लागली. टू-स्ट्रोक स्कूटरच्या निळ्या धुरात ज्यांनी आकुर्डीचा सिग्नल काढला आहे, त्यांना तो धूर कसा ओसरत गेला हे वेगळं सांगायला नको.

मोटारीतही सगळा खेळ धगीचाच. डबा अडीचशे-तीनशे अंशांवर आला की कामाला लागतो. तोवर, म्हणजे इंजिन सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, धूर जवळपास तसाच बाहेर पडतो. युरोपातल्या धुराच्या जुन्या चाचणीत इंजिन ४० सेकंद चालवून मग मोजणी सुरू करायचे. २००० पासून ती सवलत गेली आणि पहिल्या क्षणापासून मोजायला लागले. तेव्हापासून डबा सरकत सरकत इंजिनाच्या अगदी जवळ आला, कारण तिथे तो लवकर तापतो. २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाल्यावर इथल्या कारखान्यांनाही प्रत्येक सेकंदाची किंमत मोजावी लागली. वरची हद्द गॅरेजवाल्यांना ठाऊक असते. एखादा प्लग मिस मारत असेल तर न जळालेलं पेट्रोल डब्यात जाऊन पेटतं, वीट वितळते, छिद्रं बुजतात आणि गाडीचा पिकअप जातो. गिऱ्हाईक पिकअपची तक्रार घेऊन येतं, पण खरं दुखणं महिनाभर आधी प्लगपाशी सुरू झालेलं असतं.

मग ही वीट आपल्या चुलीत का आली नाही? सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला आणि गावोगावी निर्धूर चुली बसल्या. त्यातल्या बहुतेकींनी धूर धुराड्यातून घराबाहेर नेला. बाईचे डोळे वाचले, पण धूर जळाला नाही. वीट तिथे टिकणारीही नव्हती. उघड्या चुलीत जाळ क्षणाक्षणाला वरखाली होतो, गोवरीची राख छिद्रं बुजवते, आणि प्लॅटिनम परवडणार कुणाला? पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेसारख्यांनी साधी, स्वस्त वाट धरली. शेगडीतच वरच्या बाजूने दुसरी हवा द्यायची म्हणजे धूर जागच्या जागी जळतो. त्यासाठी धग मोठी लागते, म्हणून जळण कोरडं आणि शेगडी नेमक्या मापाची हवी. मुक्काम तोच, वाट तेवढी वेगळी.

कुदळवाडीतली ती वीट आता कुठल्या भट्टीत गेली असेल, ठाऊक नाही. तिच्यातला धातू मात्र संपलेला नसतो. तो काढून नव्या विटेत घालता येतो. गाड्या रीतसर मोडण्याचे नियम २०२१ साली आले आहेत, आणि जुनी गाडी अशा रीतसर मोडणाऱ्यांकडेच द्यावी असं मला मनापासून वाटतं. चोराने कापून नेलेला डबा हवेचंही नुकसान करतो, कारण त्यानंतर ती गाडी उघड्या नळीने धूर सोडत फिरते.

आजी भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारायची. थेंब तसाच पसरून राहिला तर तवा कच्चा, चर्र होऊन उडाला तर टाकायची वेळ, आणि मोत्यासारखा घरंगळत पळाला तर जाळ मागे ओढायचा. शेगडीजवळची ती सुई तिला दाखवली असती तर फारसं काही समजवावं लागलं नसतं.