पेरूची जेली धरते कशी?

मुलुंडच्या बाजारातून अर्धकच्चे पेरू आणा, जेली छान धरते. हे काम पेक्टिनचं. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतलं पेक्टिन पेशीच्या गॉल्गी संकुलात तयार होतं. (सेल्युलोज तिथे नाही, ते पेशीच्या बाह्यपटलावर विणलं जातं.) त्यासाठी लागणारी शर्करा यूडीपी या न्यूक्लिओटाइडला जोडलेली असते. अडचण अशी, की अशा बहुतेक शर्करा गॉल्गीबाहेर बनतात आणि पटलातून आपोआप आत शिरत नाहीत. त्यांना वाहक प्रथिनं आत नेतात, तीही अदलाबदलीवर: एक यूडीपी-शर्करा आत, एक यूएमपी बाहेर. शर्करा साखळीत गुंफल्यावर उरलेल्या यूडीपीपासूनच हा यूएमपी मिळतो, म्हणजे पुढच्या फेरीचं भाडं तयार! २०१७ मध्ये अराबिडॉप्सिस या रोपट्यात यूडीपी-ग्लुक्युरॉनिक आम्ल आत नेणाऱ्या ‘यूयूएटी१’ची ओळख पटली. तो बंद पडला, की भिजल्यावर सब्जासारखा फुगणाऱ्या बियांच्या चिकट थरातलं गॅलॅक्च्युरॉनिक आम्ल, म्हणजे पेक्टिनचा मुख्य घटक, घटतं.