गुपित बाळ, उघड दत्तक

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता चुकला तरी आपण मोठ्याने बोलतो. पण कुणी मूल दत्तक घेतल्याचा विषय निघाला, की आवाज आपोआप खाली येतो. ही कुजबुज फार जुनी आहे. आज आपण तिचा इतिहास पाहू, आणि सुरुवात एका ख्रिस्ती कादंबरीपासून करू.

1857 साली बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहिली. मराठीतली ही पहिली कादंबरी मानतात. बाबा मूळचे बेळगावचे, जातीने कासार. 1854 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे शाई वाळते न वाळते तोच हे पुस्तक आले. यमुना शिकलेली आहे. नवऱ्याबरोबर ती गावोगाव फिरते आणि जागोजागी विधवांचे हाल पाहते. दोघा नवराबायकोचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे, पण घरी ते उघड बोलायची सोय नाही. पुढे नवरा जातो आणि ज्या बायकांची दुःखे ती ऐकत होती, त्यांतलीच ती एक होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

पुस्तक धर्मप्रचाराचे आहे, हे लपवायचे कारण नाही. उपदेश आला की पाने जड होतात. पण विधवेच्या मनातले त्या काळी इतके उघड कोण लिहीत होते? आम्हाला खटकते ते वेगळेच. यमुनेला वाट सापडली ती घर आणि धर्म सोडून. ज्या बाईला दोन्ही सोडता येत नाही आणि जिच्या पोटात मूल आहे, तिने काय करायचे?

असे पुण्यात खरेच घडले. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा जोतिराव फुल्यांच्या मित्राकडे स्वयंपाक करायची. फसवणुकीतून दिवस गेले, भीतीपोटी तिने बाळ मारले आणि तिला अंदमानची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच. 1863 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शहरात जाहिराती लावल्या, की विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, ज्याची त्याची मर्जी. जोतिराव मिशनच्या शाळेत शिकलेले होते, पण या दारात कुणाला धर्म बदलायला सांगितले नाही. 1884 पर्यंत अशा 35 बायका तिथे आल्या. बाळंतपणे सावित्रीबाईच पाहत.

तिथेच एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. या जोडप्याने तो दत्तक घेतला, नाव यशवंत. 1887 च्या मृत्युपत्रात जोतिरावांनी त्याला वारस केले. 1890 मध्ये ते वारले तेव्हा दत्तक मुलाचा हक्क भाऊबंदांना मान्य होईना. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या.

ख्रिस्ती गोष्टींत दत्तक इतके का येते, याचे मूळ त्यांच्या ग्रंथातच आहे. मोशेला आई टोपलीत घालून नदीकाठी ठेवते, राजाची मुलगी त्याला उचलते, आणि बहीण युक्तीने खऱ्या आईलाच दाई म्हणून आणते. आपल्या कुंतीने कर्णाला सोडले, यशोदेने कृष्णाला वाढवले, तशीच ही गोष्ट. नव्या करारात पौल तर देवाशी माणसाचे नातेच दत्तकाचे आहे असे सांगतो, आणि मराठी बायबलात त्याला शब्दही आहे 'दत्तकपणा'.

गंमत बघा, ज्यांच्या ग्रंथात हा शब्द, त्यांना आपल्या देशात दत्तकाचा कायदा मात्र नव्हता. 1956 चा कायदा हिंदूंसाठी झाला. त्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, विधवेला आणि बिनलग्नाच्या बाईलाही स्वतःच्या नावे घेता येऊ लागले. ख्रिस्ती आईबाप 1890 च्या कायद्याने फक्त पालक म्हणून नेमले जायचे. मूल सज्ञान झाले की कागदावरचे नाते संपले. बाल न्याय कायद्यात 2006 ची दुरुस्ती आल्यावर कोणत्याही धर्माच्या माणसाला पूर्ण दत्तक घेता येऊ लागले.

आता आपल्या उपयोगाचे. कुणा मुलीवर अशी वेळ आली तर बाळ परस्पर कुणाच्या ओटीत घालू नका, नर्सबाईने किंवा नातलगाने कितीही खात्री दिली तरी. जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यासमोर मूल सोपवता येते, आईचे नाव गुप्त राहते, आणि मन बदलले तर दोन महिन्यांच्या आत मूल परत मागता येते. वाट कळत नसेल तर 1098 वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

आणि दत्तक मुलाला अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधायला रीतसर अर्ज करता येतो.