रुपया-चिन्ह, संगणकावरील
भारतीय चलनाचे ₹ हे चिन्ह वैयक्तिक संगणकावर लिहिण्या-वाचण्याची व्यवस्था. देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर्’ यांच्या संयोगातून डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. पुढे नासिक रोड येथील मुद्रणालयात (स्था. १९२८) छापल्या जाणाऱ्या नोटांवर ते आले. कागदावर त्यासाठी छपाईचा आराखडा बदलणे पुरेसे होते. संगणकास मात्र सर्वमान्य संकेतांक, टंक व कळ ही तिन्ही आवश्यक होती. प्रारंभी काही टंकांत ते दुसऱ्याच चिन्हाच्या जागी बसविले गेले. असा टंक नसलेल्या संगणकावर रकमेपुढे ते मूळचे चिन्हच दिसे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६·० आवृत्तीत त्यास स्वतंत्र संकेतांक मिळाला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा व विंडोज ७ या प्रणालींसाठी सुधारणा उपलब्ध केली. ती न बसविलेल्या संगणकावर चिन्हाऐवजी रिकामी चौकट उमटे. तथापि तीमागील संकेतांक अबाधित असल्याने सुधारणा बसविताच तेच पत्र अचूक दिसे. जुन्या टंकांतील मजकूर मात्र पुन्हा दुरुस्त करावा लागे.