यादी आणि फळा : तंजावरची साक्ष

करावयाची कामे कागदावर एकाखाली एक लिहावीत, की फळ्यावर सर्वांना दिसतील अशी मांडावीत, हा प्रश्न आजच्या कचेऱ्यांत वारंवार निघतो. विसाव्या शतकाच्या मध्यास जपानमधील टोयोटा कारखान्यात ताईइची ओनो यांनी चिठ्ठ्यांच्या साहाय्याने कामाची वाटचाल डोळ्यांना दिसू लागेल अशी व्यवस्था केली. तेव्हापासून फळ्याचा पक्ष बळावला. पण हा वाद निवाड्यासाठी तंजावरास न्यावा. तेथे दोन्ही रीतींची साक्ष दगडावर आणि कागदावर शिल्लक आहे.

राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१०मध्ये पुरे झाले. पुढे थोड्याच वर्षांत त्याच्या भिंतीवर सेवेकऱ्यांची एक भली मोठी यादी कोरली गेली. तीत सुमारे चारशे नर्तकी आहेत. शिवाय वादक, हिशेबनीस, कुंभार, परीट, शिंपी, सुतार आहेत. प्रत्येकाचे वाटे ठरलेले, आणि एका वाट्यास वर्षाला शंभर कळम भात. 'कळम' हे तमिळ धान्यमाप. नर्तकींची नावे मात्र गल्लीच्या क्रमाने आहेत : अमुक गल्ली, तिची अमुक ओळ, पहिले घर, दुसरे घर. नावाला ही यादी. पण वाचता वाचता सारी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते.

उघड्या भिंतीवरचा हा मजकूर ज्यास वाचता येत नसे, त्यासही दुसऱ्याकडून वाचून घेता येई. आपला वाटा बुडाला, तर बोट ठेवावयास जागा होती. उणीव एकच : दगडावरचे खोडता येत नाही. सेवेकरी वारला किंवा परगावी गेला, तर जवळच्या नातलगाने सेवा चालवावी, तो लायक नसल्यास त्याने दुसरा लायक माणूस नेमावा, असे लेख सांगतो. बदलाचा नियम भिंतीने जपला; प्रत्यक्ष बदल तिच्यावर उमटणे शक्य नव्हते.

आठ शतकांनी त्याच मंदिराच्या भिंतीवर मराठी अवतरली. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तेथे कोरविला. रोजचा कारभार मात्र मोडी कागदांवर चाले. कारण कागदावर ओळ वाढविता येते, खोडताही येते. याच राजांच्या नेत्रचिकित्सेची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांत रोग्याचे नाव, वय, तक्रार, उपचार लिहिलेले आहेत आणि जोडीला रोगी डोळ्यांची चित्रेही आहेत. कोणते औषध द्यावयाचे, हे ओळीत मावते. डोळा कसा दिसतो, हे सांगताना शब्द अपुरे पडतात. तेथे चित्र लागते.

तंजावरचा निवाडा यातच आहे. जे काम एकट्याने करावयाचे आणि जे झाले किंवा नाही एवढेच विचारावयाचे, त्यास साधी यादी पुरे. जे काम अनेकांच्या हातांतून जाते, ज्याची अवस्था रोज पालटते, त्यास फळा हवा. मात्र तो फळा रोज पुसला पाहिजे. न पुसलेला फळा म्हणजे शिलालेखच. आणि शिलालेखावर कालचे काम वाचता येते, आजचे नाही.