९११च्या इंजिनातली खरी फाळणी

मार्च १९९८मध्ये हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची पोर्शे ९११ कारखान्यातून बाहेर पडली. तेव्हापासून या गाडीचे चाहते दोन गटांत विभागले गेले आहेत. एका गटाला ‘एअर-कूल्ड’ तेवढीच खरी ९११ वाटते. दुसरा गट म्हणतो की गाडी तीच आहे, फक्त काळाप्रमाणे हवेवरून पाण्यावर आली. दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र मान्य असते, की या इंजिनाच्या इतिहासातली फाळणीची रेघ हवा आणि पाणी यांच्यामधून जाते. माझ्या मते ही रेघच चुकीच्या जागी ओढली गेली आहे. इंजिनाच्या पिढ्या एकापुढे एक मांडून पाहिल्या तर पाण्याचे आगमन सावकाश आणि अटळ होते असे दिसते. खरी तुटातूट झाली ती इंजिन कोणत्या हिशेबाने बांधायचे, या प्रश्नावर.

सुरुवातीचा हिशेब उदार होता. १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी ती ९११ झाली. अभियंते हान्स मेट्सगर यांचे नाव ज्या इंजिनाशी कायमचे जोडले गेले, ते इंजिन १९९१ सीसीचे आणि १३० अश्वशक्तीचे होते. समोरासमोर आडवे झोपलेले तीन-तीन सिलिंडर, प्रत्येक बाजूला चेनवर फिरणारा कॅमशाफ्ट आणि इंजिनाखालच्या सम्पऐवजी वेगळ्या टाकीत साठवलेले ऑइल. क्रँकशाफ्टला आठ बेअरिंगांचा आधार होता. दोन लिटरच्या इंजिनाला एवढी भक्कम मांडणी गरजेपेक्षा जास्तच होती. मागे एक मोठा पंखा सिलिंडरांवर हवा ढकलत असे. बंद आवरणाखालच्या स्कूटरच्या इंजिनाला जसा पंखा लागतो, तत्त्व तेच. पण खरे पाहता या इंजिनाची बरीचशी उष्णता ऑइलच वाहून नेत होते. त्याला निव्वळ हवेचे इंजिन म्हणणे पहिल्या दिवसापासून अर्धेच खरे होते.

पुढच्या तीस वर्षांतल्या प्रत्येक पिढीचा फरक उष्णतेच्या भाषेत वाचता येतो. वजन घटवण्यासाठी १९६८च्या सुमारास क्रँककेस ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमची झाली. क्षमता २.२, २.४ आणि मग २.७ लिटरवर गेली. १९७३च्या कॅरेरा आरएसमध्ये याच मांडणीने २१० अश्वशक्ती दिली. पण रोजच्या वापरातल्या २.७ लिटरच्या गाड्यांत मॅग्नेशियम कमी पडू लागले. अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या नियमांसाठी बसवलेल्या थर्मल रिॲक्टरने इंजिन आणखी तापे, आणि सिलिंडर हेड आवळून धरणारे स्टड क्रँककेसमधून उपटून येत. टर्बोने आणि नंतर ९११ एससीने पुन्हा ॲल्युमिनियम धरले. १९८९च्या ९६४ या पिढीत ३.६ लिटर आणि २५० अश्वशक्ती आली. इंधन नीट जळावे म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग द्यावे लागले. १९९३मध्ये आलेल्या ९९३ने हीच परंपरा २७२ अश्वशक्तीपर्यंत नेली.

यावर एक रास्त आक्षेप येतो. १९९५च्या ९९३ टर्बोने हवेवरच ४०८ अश्वशक्ती दिली होती. मग हवा संपली होती असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप मान्य केला पाहिजे. ताकदीपुरती हवा संपली नव्हती. संपली होती ती स्वच्छ आणि शांत राहण्याची सोय. इंधन नीट जाळायला प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि मधोमध प्लग हवा. पण इतकी दाटी झालेल्या हेडच्या तापलेल्या मध्यभागी हवा पुरेशी पोहोचत नाही. आवाजाचे नियमही कडक होत होते आणि पाण्याच्या आवरणासारखा आवाज दाबणारा उपाय हवेपाशी नव्हता. पोर्शेच्या शर्यतीच्या विभागाला हे वीस वर्षे आधीच उमगले होते. १९७८च्या ९३५/७८ या शर्यतीच्या गाडीत सिलिंडर हवेवर, पण चार व्हॉल्व्हची हेड पाण्यावर थंड होत. ल मान्सची शर्यत वारंवार जिंकणाऱ्या ९५६ आणि ९६२ या गाड्यांनी हाच मार्ग धरला, आणि १९८०च्या दशकातल्या ९५९ने तो रस्त्यावर आणला. १९९७मध्ये ९९६ ही पाण्यावरची पिढी आली तेव्हा पाणी या घराला परके राहिलेले नव्हते.

मग जुन्या चाहत्यांची तक्रार खोटी का? नाही, तिचा रोख तेवढा चुकला आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकणारी कंपनी १९९३च्या सुमारास पंधरा हजारांच्या आत आली होती. वाचायचे तर खर्च कापणे भाग होते, म्हणून ९९६ला पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टर या गाडीशी नाते असलेले ३.४ लिटर, ३०० अश्वशक्तीचे नवे इंजिन मिळाले. ऑइलची वेगळी टाकी गेली. कॅमशाफ्टच्या चेन फिरवणारा मधला शाफ्ट जुन्या इंजिनात दाबाखालच्या ऑइलवर चालणाऱ्या साध्या बेअरिंगांत फिरत असे. नव्यात त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आले. ते निकामी झाले की सगळे इंजिन हातचे जाई. बदनामी पाण्याची झाली, दोष बेअरिंगचा होता. याचा पुरावा त्याच पिढीत आहे. १९९९ची जीटी३ आणि त्यानंतरची टर्बो याही पाण्याच्याच गाड्या, पण त्यांच्या इंजिनाचा तळ मेट्सगर घराण्यातला होता आणि त्यांना हा रोग नव्हता. पुढे २००८मध्ये साध्या कॅरेराच्या नव्या इंजिनातून तो मधला शाफ्टच काढून टाकला गेला. पाणी तसेच राहिले आणि तो रोग मात्र गेला.

आवाजाचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. पंख्याची घरघर आणि उघड्या पत्र्यांतून येणारा कोरडा खडखडाट पाण्याच्या आवरणामागे दबला. ज्यांना तो प्रिय होता त्यांचे खरोखर काही तरी हरवले आहे. पण आवाज हा इंजिनाचा स्वभाव झाला, त्याची हाडे नव्हेत. वंश हाडांवरून ओळखावा. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर पहिल्या ९११मध्ये ११८ मिलिमीटर होते, तर सिलिंडरचा व्यास अवघा ८०. सुट्या सिलिंडरांभोवती थंडाव्याच्या पत्र्या बसायच्या आणि त्यांच्यामधून वारा खेळायचा, तर एवढी ऐसपैस जागा लागणारच. त्याच जागेत व्यास वाढत ९६४मध्ये १०० मिलिमीटर झाला. २०११च्या जीटी३ आरएस ४.० या गाडीत तो १०२.७ होता, इंजिन चार लिटरचे, ५०० अश्वशक्तीचे आणि पूर्णपणे पाण्यावरचे. सिलिंडरांमधले अंतर तेव्हाही ११८ मिलिमीटरच होते. १९६३मध्ये वाऱ्यासाठी मोकळी सोडलेली जागा अर्ध्या शतकानंतर पाण्याच्या इंजिनाने भरून काढली होती.