बैलगाडीतली वैरण आणि दोन इंजिनांचं विमान

पहूरच्या सभेत विमानाचा इतिहास कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपला माल परदेशी विमानानं पाठवायचा की बोटीनं, हा खानदेशातल्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर विमानाच्या वजनात दडलेलं आहे.

लांबच्या प्रवासाला निघालेली बैलगाडी आठवा. मालाबरोबर बैलांची वैरणही गाडीतच न्यावी लागे. वाट जितकी लांब, तितकी वैरण जास्त आणि माल कमी. विमानाचं इंधन म्हणजे ही वैरण. उलट ते इंधन वाहून नेण्यासाठीही आणखी इंधन लागतं.

एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', 1971 साली आलं. त्याला इंजिनं चार. म्हणजे चार बैलांची गाडी. न्यूयॉर्कला जाताना ते विमान वाटेत लंडनसारख्या ठिकाणी थांबे. मग दोनच बैल का जुंपले नाहीत? कारण भीती. एक बैल बसला तर काय? 1953 पासून अमेरिकेत नियम होता: दोन इंजिनांच्या विमानानं, एक इंजिन बंद पडलं तरी साठ मिनिटांत विमानतळ गाठता येईल, अशाच मार्गानं उडावं. त्यामुळे समुद्रावरचा सरळ रस्ता त्याला बंद झाला.

रुंद पोटाचं पहिलं दोन-इंजिनी विमान, एअरबस ए-300, 1972 साली प्रथम उडालं. 1976 मध्ये ते आपल्या इंडियन एअरलाइन्सकडे आलं. पण त्याचं काम मुख्यतः देशातल्या देशात. पुढे इंजिनांचा भरवसा वाढला, तशी साठ मिनिटांची मर्यादा 1985 मध्ये एकशेवीस आणि 1988 मध्ये एकशेऐंशी मिनिटांपर्यंत सैल झाली. दोन बैलांना समुद्र ओलांडायची मुभा मिळाली.

त्याचं फळ म्हणजे बोइंग 777-200 एलआर. 1 ऑगस्ट 2007 पासून एअर इंडियानं त्यावर मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये थांबा नाही.

आता आकडे बघा. रिकामं विमान सुमारे 145 टन. टाक्या काठोकाठ भरल्या तर इंधनही जवळपास 145 टन. सांगाड्याला पेलणारा भार, म्हणजे माणसं आणि माल मिळून, साधारण 64 टन. बेरीज 354. आणि उड्डाणाची कमाल परवानगी 347 टनांची! म्हणजे सगळ्या गोष्टी एकदम पूर्ण मिळत नाहीत. लांब जायचं तर माल उतरवा; माल भरायचा तर जवळ उतरा.

याच विमानाचं मालवाहू रूप 777-एफ. ते शंभर टनांवर माल उचलतं, पण पूर्ण भारासह झेप नऊ हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालं, तर वाटेत वैरण घ्यायला थांबावंच लागेल.

आपल्या वैशेषिक परंपरेनं गुरुत्व हा द्रव्याचा गुण मानला आणि त्याला पतनाचं कारण म्हटलं. इंजिन कितीही सुधारलं तरी तो गुण काही जात नाही. त्याच्याशी फक्त तडजोड करता येते, आणि त्या तडजोडीची किंमत कुणीतरी भरतो.

2007 सालीच आंबा अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला. लासलगावला विकिरण प्रक्रिया करून तो विमानात चढला. हापूस फार टिकत नाही आणि त्याला भावही मिळतो, म्हणून ते भाडं झेपतं. आपली केळी हिरवी काढली, थंड कंटेनरमध्ये ठेवली, की समुद्रमार्गे आखातात पोचतात. किलोमागे भाव कमी असलेल्या मालाला विमानाची वैरण परवडत नाही. यात केळीचा कमीपणा नाही, हिशेब आहे.

म्हणून उद्या कुणी तुमच्या बांधावर येऊन 'माल विमानानं पाठवू' म्हणालं, तर हुरळून जाऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा: अंतर किती, किलोमागे भाडं किती, आणि माल किती दिवस टिकतो? या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावरच सही करा.