'पुट अप विथ' कुठून आलं?

इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईला शाळेत इंग्रजी शिकवावं लागलं की काय होतं, हे आमच्या नातेवाईक मंडळींना चांगलं ठाऊक आहे. व्याकरणाच्या तासालाही सनावळी येते! आज त्याच खोडीने इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्ब्जबद्दल लिहिते आहे. गिव्ह अप, पुट ऑफ, लुक आफ्टर वगैरे. क्रियापद साधं, त्याचं शेपूटही साधं, पण दोघं एकत्र आली की अर्थ तिसराच.

माझा एक विद्यार्थी होता, हुशार. टॉलरेट, पोस्टपोन, एक्स्टिंग्विश असले शब्द स्पेलिंगसकट पाठ. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात साहेबांनी फोनवर सांगितलं की मीटिंग 'पुट ऑफ' केली आहे. 'पोस्टपोन' म्हटलं असतं तर याला झोपेतही कळलं असतं. दिवाळीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, मला इंग्रजी येतच नाही." ते वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं नव्हतं. इंग्रजी हे दोन मजली घर आहे आणि आपली मराठी माध्यमाची मुलं जिन्याने थेट वरच्या मजल्यावर चढतात. इंग्रजांचं पोर तळमजल्यावर वाढतं. त्याला 'पुट ऑफ' आधी कळतं, 'पोस्टपोन' पुढे शाळेत भेटतं.

हे दोन मजले झाले कसे?

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही शेपटं बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटलेली असत, आपल्या उपसर्गांसारखी. फर्गिव्ह, अंडरस्टँड, विदस्टँड ही त्या काळची उरलेली माणसं. विदस्टँडमधल्या 'विथ'चा अर्थ 'सोबत' नसून 'विरुद्ध' आहे. तो त्या शब्दाचा जुना अर्थ. मग नवव्या-दहाव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन राहिले. त्यांच्या बोलीत शेपूट मागे लावायची चाल होती. इंग्रजीवर त्या चालीचा परिणाम किती, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण 'टेक' आणि 'गेट' ही क्रियापदं त्यांच्याकडूनच आली, आणि 'गिव्ह'मधला 'ग'सुद्धा. जुन्या इंग्रजीत तिथे 'य'सारखा उच्चार होता. फ्रेजल व्हर्ब्जच्या यादीतून ही तीन काढून पाहा, यादी केवढी आखडते!

मला सगळ्यात आवडतो तो पीटरबरो मठातला पुरावा. १११६ साली तिथे मोठी आग लागली. नंतर तिथल्या भिक्षूंनी जुनी बखर पुन्हा उतरवून काढली आणि ११५४ पर्यंतच्या नोंदी त्यात भरल्या. बखरकार म्हटलं की मला आपली बखरच आठवते, पण तिथली भाषा मात्र फारच साधी. ११३२ च्या नोंदीत मठाधिपती हेन्रीची हकीकत आहे. हा गृहस्थ आपला मठ फ्रान्समधल्या क्लूनीच्या ताब्यात देऊ पाहत होता. राजालाही त्याने जवळजवळ गुंडाळलं होतं. शेवटी राजाने, त्याचंही नाव हेन्रीच, त्याला मठाची गादी सोडायला लावून देशाबाहेर घालवलं. आणि 'सोडायला लावली' हे सांगताना बखरकार काय लिहितो? गिव्ह अप! स्पेलिंग जुनं, पण शब्द तोच. म्हणजे ज्याला आपण बोलीतलं, काहीसं हलकं इंग्रजी समजतो, ते जवळपास नऊशे वर्षांपूर्वी कागदावर आलेलं आहे.

मग ते हलकं का ठरलं? १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि दरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच बसली. धर्म आणि विद्या लॅटिनकडे होतीच. भारदस्त शब्द वरून आले, घरगुती खाली राहिले. गंमत म्हणजे 'पोस्टपोन'ची लॅटिन फोड केली तर 'नंतर' अधिक 'ठेवणे' एवढंच निघतं. तीही जोडीच, फक्त परक्या कपड्यांतली. पुढे ड्रायडनसारख्या मोठ्या कवीलाही वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलेलं खटकू लागलं. १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सनला त्यावरून दोष दिला आणि १६८४ च्या आवृत्तीत स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्यं बदलली. हौस एकेकाची!

डॉ. सॅम्युएल जॉन्सन मात्र शहाणे. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी साफ म्हटलं आहे की परदेशी माणसाला सगळ्यात जड जातात त्या याच जोड्या, म्हणून त्या मी काळजीपूर्वक गोळा केल्या. माझ्या त्या विद्यार्थ्याला हे तेव्हा सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव त्यामानाने ताजं, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातलं.

आपल्याला खरं तर हे प्रकरण परकं वाटायचं कारण नाही. 'हृ' या एका धातूचे आहार, विहार, प्रहार, संहार होतातच. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग धातूपासून दूर, कधी त्याच्या मागेही येतो, आणि पाणिनीने त्यासाठी वेगळी सूत्रं दिली आहेत. नंतरच्या संस्कृतात तो धातूच्या आधी पक्का बसला. इंग्रजी बरोबर उलट्या वाटेने गेली. आणि मराठीत? 'खाऊन टाक' म्हटलं तर परक्या माणसाने खायचं की टाकायचं? 'बोलून बसला' यात कुणीही कुठे बसत नाही.

निवृत्तीआधीची काही वर्षं मी फ्रेजल व्हर्ब्जची यादी फळ्यावर लिहायचं सोडून दिलं होतं. आधी टाकणे, बसणे, ठेवणे लावून मराठी वाक्यं करायला सांगायची, वर्गात हशा पिकायचा, आणि मग अप, ऑफ, आउट घ्यायची. 'अप' पुष्कळदा आपल्या 'टाकणे'चं काम करतं, गोष्ट पुरती संपवण्याचं: ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. 'लुक अप'ला हे लागू पडत नाही, तिथे कोश उघडायला लावायचा. आणि 'पुट अप विथ'पाशी माझी कुठलीच युक्ती चालली नाही. ते मुलांकडून पाठच करून घ्यायची.